ओसरीतलं सॉकेट

मागच्या मे महिन्यात दारव्हा तालुक्यातल्या एका लग्नाला पुण्याचे पाहुणे इलेक्ट्रिक कार घेऊन आले. समृद्धी महामार्गावर त्यांनी ती एकदा चार्ज केली होती, पण गावात पोचल्यावर परतीचा हिशोब जमेना. लग्नघरात लाइन होती, वायरिंग मात्र चाळीस वर्षांपूर्वीचं. पिन सॉकेटात घातली आणि अख्ख्या घराचा फ्यूज गेला. शेवटी मंडपवाल्याच्या डिझेल जनरेटरवरून वायर ओढून गाडी रात्रभर लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी पंगतीत दुसरा विषयच नव्हता. "लाइनचाच पत्ता नाही अन् गाडी म्हने लाइनवर चालते!" एक काका म्हणाले आणि सगळी ओळ हसली. पाहुणेही हरणारे नव्हते. राज्याच्या 2025 च्या धोरणात महामार्गावर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय होणार आहे, खेड्यांनी मागं राहू नये, वगैरे त्यांनी सांगितलं. काकांनी बुंदी वाढून घेता घेता विचारलं, "तुमचा महामार्गच आमच्यापासून चाळीस किलोमीटर हाये, तिथवर काय बैलगाडीत टाकून न्याची का?"

हसू आलं तरी हा वाद मला खटकला. गेली दोन-तीन वर्षं तो मी चहाच्या टपरीवर, शिक्षकांच्या खोलीत, वर्तमानपत्रांत असाच ऐकतो आहे. दोन्ही बाजू गाडी म्हणजे कार आणि चार्जिंग म्हणजे रस्त्यावरचं स्टेशन असं धरून बोलतात. खेड्यात गाडी म्हणजे दुचाकी, आणि ती रात्री उभी असते ओसरीत. तेव्हा माझं मत आधीच सांगून टाकतो. विदर्भातल्या खेड्यात इलेक्ट्रिक दुचाकीला पुण्या-मुंबईपेक्षा चांगली जागा आहे, आणि तरीही आज ती प्रत्येकाने घेऊ नये. रोज ठरलेल्या वाटेने तीस-चाळीस किलोमीटर जाणाऱ्याने घ्यावी. ज्याच्या घरी एकच गाडी आहे आणि तिच्यावाचून दवाखाना अडतो, त्याने थांबावं. त्याला थांबावं लागतं याचं कारण महामार्गावर स्टेशन नाही हे नसून गावच्या डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, धड अर्थिंग नाही आणि तालुक्याला ही गाडी खोलणारा मेकॅनिक नाही, हे आहे.

मी स्वतः अशी स्कूटर दोन वर्षांपासून चालवतो. गावाहून दारव्ह्याला कॉलेजात जायचं 17 किलोमीटर, यायचं 17. तीन युनिटांची बॅटरी कागदावर शंभरच्या वर जाते, आपल्या रस्त्यांवर 80-85 मिळतात. म्हणजे एक दिवसाआड लावली तरी चालतं. शहरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या मेहुण्याला पार्किंगमध्ये पॉइंट घ्यायला सोसायटीच्या दोन बैठका आणि एक भांडण लागलं. मला लागला एक 16 अँपिअरचा सॉकेट आणि चार मीटर वायर. अंगण असणं ही एवढी मोठी सोय आहे हे खेड्यातल्या माणसाला कुणी सांगितलेलंच नाही.

आणि पेट्रोलची सोय तरी गावात कुठे होती? पंप तालुक्याला. गावात मिळतं ते किराणा दुकानात किंवा पानठेल्यावर, पाण्याच्या नाहीतर दारूच्या बाटलीत भरलेलं, लिटरमागे दहा-वीस रुपये जास्त देऊन, त्यात रॉकेल किती आहे हे विचारायचं नाही. पंप नाहीत म्हणून गावाने मोटरसायकली घ्यायच्या सोडल्या का? आधी गाड्या आल्या, मग बाटल्या आल्या, पंप कितीतरी वर्षांनी आला, काही गावांत अजून नाही. ज्या गावाने बाटलीवर तीस वर्षं काढली, त्याला चार्जिंग स्टेशन नसण्याची भीती घालणं मला गमतीचं वाटतं.

पण काकांचा मूळ आक्षेप लाइनचा होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चंद्रपूरचं 2,920 मेगावॉटचं केंद्र, कोराडी, खापरखेडा, पारस, तिरोडा, मौदा एवढी वीज आमच्या अंगणात तयार होते आणि उन्हाळ्यात आमच्याच गावात पंखा बंद पडतो, हे खरं आहे. शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांना वीज देणाऱ्या लाइनला, आठवडा दिवसा आठ तास, आठवडा रात्री लाइन, आणि त्या रात्रीच्या पाळीत विंचू-सापाच्या भीतीने वावरात पाणी द्यायला जाणारा माणूस "वीज" या शब्दावर का भडकतो, हे पुण्याच्या पाहुण्यांना समजायला हवं होतं. तरीही इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. शेतीपंपाला थ्री फेज लागतो आणि त्याचे तास बांधलेले असतात. जिथे गावठाणचा फीडर वेगळा झाला आहे तिथे घरची सिंगल फेज लाइन जाते-येते, पण बांधून दिलेली नसते. स्कूटरला सिंगल फेज पुरतो आणि चोवीस तासांतले चार-पाच तास पुरतात, तेही सलग नकोत. रात्री दोनदा लाइन गेली तर टीव्हीवरची मालिका बुडते, बॅटरी मात्र जिथे थांबली तिथून पुढे भरते. लाइनच्या लहरीपणाला एवढं सोसणारं दुसरं यंत्र आमच्या घरात नाही.

डीपीवर लोड येईल, असंही म्हणतात. स्कूटरचा चार्जर साधारण 700-800 वॉट ओढतो. पाच एचपीची मोटर 3,700. आंघोळीच्या पाण्याचा गीझर 2,000. गावात लग्न ठरलं की पहिली मागणी गीझरची येते, तेव्हा डीपीची आठवण कुणालाच होत नाही. हं, संध्याकाळी सात ते दहा व्होल्टेज 170 च्या खाली जातं आणि माझा चार्जर लाल दिवा लावून रुसून बसतो, हे कबूल. मी अकरानंतर लावतो. गाव झोपलं की व्होल्टेज आपोआप शहाणं होतं.

वडिलांच्या पिढीने हाच पेच एकदा सोडवला आहे, आणि त्यासाठी त्यांना कुठल्या धोरणाची वाट पाहावी लागली नाही. विहिरीवर मोट होती, मग ऑइल इंजिन आलं, मग विजेची मोटर. आमच्या वावरात मोटर बसली तेव्हा भावकीतल्या शहाण्यांनी हेच सांगितलं होतं: इंजिन आपल्या हातातलं, डिझेल टाकलं की चालू, मोटर म्हणजे लाइनमनच्या हातात जीव. खोटं काहीच नव्हतं त्यात. मोटर जळली, स्टार्टर जळला, डीपी जळला की नवा येईपर्यंत पंधरा-पंधरा दिवस उभं पीक वाळायचं. तरी वडील आणि त्यांच्यासारखे सगळे मोटरवर गेले, कारण इंजिनाचं डिझेल रोज खिशातून जात होतं आणि हँडल मारता मारता खांदा उतरत होता. इंजिन मात्र त्यांनी विकलं नाही. ते गोठ्यात पोत्याखाली अकरा वर्षं होतं, आणि त्यातल्या निदान दोन उन्हाळ्यांत त्यानेच संत्रा वाचवला. नव्यावर जायचं आणि जुनं मोडीत काढायचं नाही, हा शेतकऱ्याचा जुना हिशोब आहे. इलेक्ट्रिक गाडीच्या वादात तो कुणी मांडतच नाही. एकीकडे "पेट्रोल संपलं", दुसरीकडे "हे फॅड आहे". मधे पोत्याखाली ठेवलेल्या इंजिनाला जागाच नाही.

आता पैशांचं बोलू, कारण खरी मतं तिथेच ठरतात. महिन्याला माझे 850 किलोमीटर होतात. जुन्या मोटरसायकलला त्यासाठी 17 लिटर पेट्रोल लागायचं, 105 च्या भावाने 1,785 रुपये. स्कूटर भिंतीतून ओढते 35 युनिट. ही 35 युनिटं मीटरला शंभरच्या पुढच्या, महागड्या स्लॅबात ढकलतात, हे विकणारा सांगत नाही; म्हणून युनिटला अकरा रुपये धरले तरी 385. महिन्याला 1,400 वाचले, वर्षाला 16,800. खूश होण्याआधी बॅटरी आठवावी. ती बदलायला आज पन्नास-साठ हजार लागतात. आठ वर्षं टिकली असं धरलं तर वर्षाला साडेसात हजार बाजूला काढायला हवेत. उरले नऊ हजार. वाईट नाही. पण हाच हिशोब दिवसाला आठ किलोमीटर, म्हणजे वावरात जाऊन परत येणाऱ्या माणसाचा मांडा. त्याचं महिन्याचं पेट्रोलच चारशे-सव्वाचारशेचं. वाचतील वर्षाला चार हजार आणि बॅटरीसाठी काढायचे साडेसात. तो तोट्यात गेला. शिवाय त्याला खताचं चुंगडं, दुधाचे दोन कॅन आणि मागे बायको घेऊन पावसाळ्यात पांदण रस्त्याच्या काळ्या चिखलातून जायचं आहे. त्याला इलेक्ट्रिक स्कूटर विकणं म्हणजे फसवणूक आहे, आणि ती होते आहे. उलट दूध संकलनवाला, रोज तालुक्याला जाणारा शिक्षक, चार गावं फिरणारी गटप्रवर्तक, कॉलेजात जाणारी मुलगी, यांना ती हवीच. एसटीचा संप 2021 च्या शेवटी सुरू होऊन 2022 च्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा मुलींसाठीच्या मानव विकास योजनेच्या निळ्या एसटी बसवर विसंबलेल्या किती मुली घरी बसल्या हे मी वर्गातल्या रिकाम्या बाकांवरून पाहिलं आहे. ज्यांच्या बापाने पेट्रोलला रोज पन्नास रुपये काढून दिले असते, त्या आल्या असत्या.

"खेड्याला परवडतं का" असा एकच प्रश्न विचारून एकच उत्तर मागणं, ही या वादातली मोठी खोट. कापसाचा पैसा वर्षातून एकदा हातात येतो. त्या घरात पगारी माणूस आहे की नाही, गाडी रोज किती धावते, यावर उत्तर उलटंपालटं होतं.

उन्हाचा आक्षेपही खरा आहे, थोडक्यात सांगतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि लिथियम बॅटरीचं आयुष्य उष्णता खाते. उन्हातून आल्याबरोबर पिन लावू नये, टिनाच्या शेडखाली गाडी ठेवू नये, पहाटे चार्ज करावी. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी उष्णता जास्त सोसते, थोडी जड असते. घेताना ते विचारावं. गावात पहिल्या लाटेत ज्या ताशी 25 किलोमीटरच्या, बिनपासिंगच्या गाड्या आल्या त्या बहुतेक लेड-ॲसिडच्या होत्या. दोन उन्हाळ्यांत त्या बसल्या आणि सगळ्या इलेक्ट्रिक गाड्यांचं नाव घालवून गेल्या.

माझ्याकडे ज्या प्रश्नाचं उत्तर नाही तो दुरुस्तीचा. मागच्या जूनमध्ये वीज पडली, डीपीवरचा न्यूट्रल तुटला, आणि आमच्या ओळीतल्या सहा घरांत 230 च्या जागी भलतंच व्होल्टेज शिरलं. तीन टीव्ही, एक फ्रिज आणि माझा चार्जर गेला. दारव्ह्याचा मेकॅनिक, ज्याने माझी मोटरसायकल पंधरा वर्षं डोळे मिटून खोलली-जोडली, त्याने स्कूटरभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "सर, याले लॅपटॉप लागते." यवतमाळच्या सर्व्हिस सेंटरने चार्जर नागपूरहून मागवतो म्हटलं. एकोणीस दिवस लागले. वॉरंटीतून दिला नाही, कारण घराला अर्थिंग बरोबर नसल्याचं त्यांनी लिहिलं. राग आला, पण मीटर लावून पाहिलं तेव्हा त्यांचं खरं निघालं. ते एकोणीस दिवस मी जुन्या मोटरसायकलवर गेलो. ती विकून टाकली असती तर? म्हणूनच म्हणतो, एकच गाडी असलेल्याने थांबावं. पेट्रोलच्या गाडीमागे गावोगावच्या पोरांचं एक न शिकवलेलं विद्यापीठ उभं आहे. या गाडीचं ज्ञान कंपनीने कुलपात ठेवलं आहे. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मुलं अजून कार्ब्युरेटर साफ करतात. त्यांच्या हातात बॅटरी आणि कंट्रोलर गेला, आणि सुटे भाग व तपासणीचं सॉफ्टवेअर बाहेरच्या मेकॅनिकला द्यायची कंपन्यांना सक्ती झाली, तर शंभर स्टेशनांनी होणार नाही एवढं काम होईल.

इथे नागपूरचा दाखला हटकून दिला जातो. मे 2017 मध्ये तिथे इलेक्ट्रिक टॅक्सींचा प्रयोग मोठ्या गाजावाजाने सुरू झाला, आणि वर्षभरातच चालक चार्जिंगच्या रांगांना कंटाळून डिझेल-पेट्रोलच्या गाड्या परत मागू लागले. नागपुरात चाललं नाही ते आमच्या गावात कसं चालेल? पण ते का फसलं, हे पाहा. दिवसभर धावल्याशिवाय ज्यांचं पोट भरत नाही अशा गाड्या, मोजकी स्टेशनं, आणि भर दुपारी सगळ्यांना एकदम भूक. ओसरीतल्या गाडीला रात्रभर दुसरं कामच नसतं. तो प्रयोग माझ्या विरुद्ध नाही. स्टेशनांवर सगळा भार टाकला की काय होतं, तेच त्याने दाखवलं.

स्टेशनं मोजायची आपल्याला सवय आहे, कारण मोजायला ती सोपी असतात. विजेच्या बाबतीत हे एकदा झालं आहे. 2004 च्या व्याख्येप्रमाणे गावात खांब-तारा पोचल्या, शाळा-पंचायतीला जोडणी मिळाली आणि शंभरातल्या दहा घरांत दिवा लागला की ते गाव "विद्युतीकृत" ठरत असे. एप्रिल 2018 मध्ये देशातलं शेवटचं गाव विद्युतीकृत झाल्याची घोषणा झाली. उरलेल्या नव्वद घरांचं काय, आणि त्या दहा घरांत दिवा किती तास जळतो, हे व्याख्येत नव्हतंच. आता तालुक्याच्या रस्त्यावर एक चार्जर बसेल, फीत कापली जाईल, आणि तालुका "ईव्ही-सज्ज" म्हणून कुठल्या तरी तक्त्यात जाईल. समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी दिली आहे. त्या रस्त्यावर दुचाकीला प्रवेशच नाही! विदर्भाच्या छातीवरून गेलेल्या महामार्गाची सवलत विदर्भातल्या ज्या वाहनाला मिळायला हवी, ते तिथे चढूच शकत नाही. केंद्राचं दुचाकीचं अनुदान मे 2023 पर्यंत बॅटरीच्या किलोवॉट-तासामागे 15,000 रुपये होतं, 2025-26 मध्ये ते 2,500 वर आलं. शहरांनी पोटभर जेवून घेतलं आणि गाव पंगतीला बसलं तेव्हा वाढपी भांडी घासत होते.

कोळशाचा मुद्दा सगळ्यात शेवटी घेतो, कारण तो मला सगळ्यात जास्त बोचतो. तुमची गाडी धूर सोडत नाही, धूर चंद्रपूरला सोडते, असं एका विद्यार्थिनीने मला तोंडावर ऐकवलं. ती मूळची चंद्रपूरजवळच्या कोळसा पट्ट्यातल्या घुग्घुसची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये अतिप्रदूषित औद्योगिक पट्टे काढले त्यात चंद्रपूर होतं. कोळशाची वीज धरूनही माझ्या स्कूटरचा किलोमीटरमागचा कार्बन मोटरसायकलपेक्षा पाव हिस्सा कमी भरतो, माझ्या हिशोबाने. फक्त पाव हिस्सा. पर्यावरण वाचवल्याचा आव आणण्याएवढा तो नाही. शिवाय ही वाटणी जुनीच आहे. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला ही छोटी रेल्वे ब्रिटिश कंपनीने टाकली ती कापूस इथून उचलून मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला न्यायला. 1994 पर्यंत ती वाफेवर धावत राहिली, कारण कापूस निघून गेल्यावर तिच्याकडे बघायची कुणाला गरजच उरली नव्हती. कापूस गेला, आता वीज जाते, राख राहते.

पण म्हणून पेट्रोलला चिकटून राहिलं तर घुग्घुसची राख कमी होते का? पेट्रोल मला घराच्या छपरावर कधीच तयार करता येणार नाही, वीज येते. सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे आणि एक किलोवॉटचं पॅनल दिवसाला चार युनिटं देतं, म्हणजे माझी स्कूटर जवळपास तीन दिवस चालेल एवढी. "मग सोलर लावा ना" म्हणणाऱ्यांना मात्र एक सांगायचं आहे. असं पॅनल लाइनला जोडलेलं असतं आणि लाइन गेली की तेही बंद होतं, खांबावर चढलेल्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून. कवेलूच्या जुन्या छपरावर ते बसवणं अवघड, भार पेलणारं पक्कं छप्पर लागतं. पुन्हा गाडी त्याच जागी येते: तार, डीपी, अर्थिंग.

चार्जर जळल्यानंतर मी अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा टाकून नवं अर्थिंग केलं, सगळं मिळून साडेतीन हजारात. उन्हाळाभर त्यात रोज एक बादली पाणी ओततो. शेजारच्या दोघांनी ते पाहून आपलंही करून घेतलं. त्यांच्याकडे इलेक्ट्रिक गाडी नाही, फ्रिज आहेत. ऑगस्टच्या ग्रामसभेत बसस्टँडजवळ चार्जिंग स्टेशन मागण्याचा ठराव वाचला गेला आणि दोन मिनिटांत टाळ्यांनी मंजूर झाला. मी उठून विचारलं, त्याआधी गावातल्या तिन्ही डीपींचं अर्थिंग आणि न्यूट्रल तपासून द्या असा ठराव महावितरणला का पाठवू नये? लग्नातले ते काका मागून म्हणाले, "हे बराबर हाये." ग्रामसेवकांनी माझं म्हणणं लिहून घेतलं आणि "ऐनवेळी येणारे विषय" या मथळ्याखाली टाकलं.